शेरा

चांदिवलीच्या बुजवलेल्या दगडखाणीवर
सकाळी सातला आम्ही तिवई उभी केली.
साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा
पाऊण मीटरवरून सोडायचा
आणि नळी फूटभर आत जायला
किती ठोके लागतात ते मोजायचं.
इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकले ते
शेवटी मोजणंच निघालं.

पहिल्या सहा बोअरना खडक वेळेवर लागला.
काळा, मुका, मनगटापर्यंत झिणझिण्या आणणारा.
पन्नास ठोके मारूनही बोटभर हलला नाही
की रकान्यात लिहायचं : नकार.
हो, हाच शब्द आहे.
नकार आला की बिल्डरची माणसं चहा मागवतात.

सातव्यावर हातोडा नुसता टेकवला,
अजून सोडलाही नव्हता,
तर नळी आपल्याच वजनानं निघाली खाली.
एक मीटर.
दोन.
साडेतीनला पोचन्नानं इंजिन बंद केलं.

वर आलं ते करडं, ओलं, पिठासारखं.
त्यानं चिमूटभर दोन बोटांत चोळलं, हुंगलं.
"कोळशाची राख हाय जी."

पोचन्ना दुर्गे, घुग्गुसकडचा.
त्याचा बाप भुयारात टेकू लावायचा.
खाण संपली, टेकू काढून घेतले,
आणि एका रात्री स्वयंपाकघराएवढी जमीन बसली.
नेमकी स्वयंपाकघराएवढीच.
"चूल पेटलेलीच गेली जी खाली.
वर भात होता."
पुढे तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही,
पाना शोधत राहिले.

वॉचमन तिम्मा धोत्रे तोवर जवळ आला.
यानं इथंच सुरुंग लावलेत, अठरा वर्षं.
एका कानानं ऐकतो, म्हणून दुप्पट मोठ्यानं बोलतो :
"आम्ही दगड काढला, पुलांना गेला.
मग रात्रीच्या गाड्या येऊ लागल्या, दिवे विझवून.
काय टाकता, कुणी विचारलं नाही.
या शहराला खड्डा दिसला, बाई,
की ते खिसे झाडतंय."

मी हिशेब मांडून बघितला.
तिकडच्या जमिनीतून काढलं, इथं जाळलं,
उरलं ते इथल्या जमिनीतून काढलेल्याच्या जागी ओतलं,
वर मुरूम, वर गवत, वर
बावीस मजल्यांचं रंगीत चित्र :
बाल्कनीत एक बाई, हातात कप.
तिचा कप मला दिवसभर दिसत राहिला.

उपाय आहेत. मी ते लिहिलेही,
नळ्यांतून सिमेंटचा घोल दाबायचा,
खांब सव्वीस मीटरवर खडकात रोवायचे,
तळघराला वायू जायला वाट ठेवायची,
पहिल्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजायचं.
पैसे लागतील. घर होईल, राहण्याजोगं होईल.

दुपारी साइटचे साहेब आले, बूट न मळवता.
"मॅडम, सात नंबर तीनेक मीटर
सरकवता येईल का? नुसता नकाशावर?"
मी पेनाचं टोपण लावलं, काढलं.
पोचन्ना दोरखंड गुंडाळत होता,
मान वर न करता म्हणाला,
"भोक नाही सरकत जी. घर सरकते."

साहेब हसले. फोन आला, गेले.

पेटीत नमुने भरले, झाकणावर खडूनं सात लिहिलं,
आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात, शेरा :
दीड ते अकरा मीटर, राख, सैल, ओली.
हातोड्याची गरज पडली नाही.
खाली पेन्सिलीनं अजून एक ओळ लिहिली,
'वर भात होता,'
आणि लगेच खोडली, कारण रिपोर्टात
असलं काही चालत नाही.

घरी येऊन पान उलटलं.
खालच्या प्रतीवर
कार्बननं ती ठेवली होती.