खालचा थर

गोडेलीव्ह माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची,
गेंटच्या संग्रहालयात, उत्तरेच्या खिडकीशी.
कापसाचा बोळा थुंकीनं ओला करून
कुणा मेलेल्या व्यापाऱ्याचा गाल पुसायची,
आई पुसते तसा, जरा रागानंच.

अकरा वर्षं आम्ही काजळी काढली,
मेणबत्त्यांची, शेगड्यांची.
वार्निश पिवळं पडतं, माणसं पडतात तसंच,
असं काहीतरी मी दुपारी बोलायचो. ती ऐकायची नाही.

मग एका नोव्हेंबरात
कुटुंबचित्रातल्या गडद पडद्यामधून
तिच्या बोळ्याखाली एक बूट वर आला.
लहान. बक्कलवाला.
बुटावर पाय, पायावर झगा,
आणि चेहऱ्याच्या जागी
पांढऱ्या अस्तरापर्यंत खरवडलेलं.
मी म्हटलं, नोंद करू.
ती म्हणाली, हिला पुसायचे पैसे कुणी दिले असतील?

तिथून ती गेलीच. म्हणजे
पाच वाजता कोट घालून माझ्याबरोबरच निघाली,
पोचली भलतीकडे.

चौदा कादंबऱ्या.
प्रकाशकाला पहिल्याच पानावर रक्त हवं असायचं, लालभडक.
ती कळवायची, रक्त वाळतं,
सकाळपर्यंत चहाच्या डागासारखं होतं,
हवं तर डाग देते.
तिचे खुनी सगळे नीटनेटके, ब्रश धुऊन ठेवणारे.
त्यांना पकडायचं तर बघायचं,
कुठला कोपरा गरजेपेक्षा चांगला रंगवलाय.
हे वाक्य माझं.
तिसऱ्या पुस्तकात आहे, पान एकसष्ट.
तक्रार नाही. नवव्यात लेई नदीत फुगून वर आलेला
लोडेवेइक मीच आहे. फिटलं.

आता तिचा हात कापतो.
गुरुवारी मी वाटाण्याचं सूप नेतो,
आणि दर गुरुवारी ती विचारते,
त्या पोरीचा चेहरा सापडला का रे?

सापडला होता. सतरा वर्षांपूर्वी,
नवं यंत्र आलं त्या आठवड्यात.
अस्तरावर कोळशाच्या चार रेषा:
पोर जांभई देत होती. बस.
कुणी मारलेली, कुणी लपवलेली दिसत नव्हती,
बसून बसून कंटाळलेली दिसत होती.
तेव्हा तिचं सहावं पुस्तक अर्ध्यावर होतं.
ती छापील प्रत मी कपाटात ठेवली
आणि कपाटाची किल्ली माझ्या खिशात.

नाही गं, म्हणतो मी.
यंत्र जुनं होतं, फळी ओलसर,
शिवाय त्या दिवशी उजेडही तसा,
आणि ज्यानं खरवडलं त्याचा हात इतका...

ती चमचा खाली ठेवते.
माझ्याकडे बघते, डाव्या कोपऱ्यापासून,
हळूहळू, जशी पूर्वी बघायची.