काट्यावर

बानमोरला धुकं इतकं दाट होतं
की माझी व्हॅन मला नुसती ऐकू येत होती.
फॉर्मवर तिच्यासाठी रकाना होता : आयुष्य संपलेलं वाहन.
मी म्हटलं, अहो, चालत आलीय ती, थेट लष्करपासून.
दुसऱ्याच सेल्फला उठली, या थंडीत.
टेबलामागचा पोरगा मान वर न करता म्हणाला,
सगळ्याच चालत येतात, काका.
ओढून आणलं तर खर्च तुमचा.

आदल्या रात्री ती रिकामी केली होती.
मागच्या फळीखाली निघालं :
कंपासपेटीचं झाकण, तीन खोडरबरं,
भदौरियांच्या मुलीचा एक मोजा (ती आता कॅनडात असते),
आणि वहीच्या कागदात गुंडाळलेला
एक दुधाचा दात.
आठ जणांचा परवाना, पोरं अकरा.
चौकात शिट्टी वाजली की तिघं आपोआप खाली वाकायची,
कुणी शिकवलं नव्हतं.

काट्यावर व्हॅन चढवली, इंजिन बंद केलं.
लाल आकडे थरथरले आणि थांबले : आठशे सहा.
खिडकीतून हाक आली,
काका, तुम्ही उतरा!
तुमचं वजन भंगारात धरत नाहीत.
मी उतरलो.
सातशे एक्केचाळीस.
तेवीस वर्षांत पहिल्यांदाच
आम्हा दोघांना कुणी वेगवेगळं तोललं.

मग हिशेब. काच धरत नाहीत, रबर धरत नाहीत,
सीटचा फोम तर मुळीच नाही.
मंदाने शिवलेले पडदे कुठे लिहायचे
ते मी विचारलं नाही.
निळी ज्योत घेऊन एकजण वाकला
आणि चेसिसवरचा नंबर तेवढा कापून काढला,
पोळीच्या कडेचा करपलेला तुकडा काढावा तसा.
त्याचा फोटो काढला. तिचा नाही.

हातात मिळाला एक कागद, चौकोनी ठिपक्यांचा शिक्का असलेला.
यावर नव्या गाडीला सूट मिळते, तो म्हणाला.
पण मला कशाला नवी गाडी?
शाळेने पिवळ्या बसा घेतल्या,
त्यांत पोरं कुठे पोचली ते आयांना फोनवर दिसतं.
मग विकून टाका कागद, तो म्हणाला. घेणारे खूप आहेत.

घेणारा भेटला मेळ्यात, गाड्यांच्या मांडवात,
ढोल आणि गरम पापडांच्या वासात.
सिकरवारांचा धाकटा.
हाच तो, फूलबागच्या वळणावर रोज उलटी करणारा.
पाया पडला. डॉक्टर झालाय.
त्याने निवडलेली गाडी एवढी उंच
की आरशात मला फक्त माझी टोपी दिसली.
तुमच्या व्हॅनमुळे माझे किती वाचले, काका, म्हणाला,
आणि रक्कम सांगितली.
भंगाराच्या पैशांपेक्षा बरीच जास्त होती.
मी सही केली. तो मोकळा हसला, सगळे दात दाखवून.

दात माझ्या खिशातच होता.
त्याचाच असेल असं नाही.
त्या वर्षी चौघांचे पडले होते
आणि रडले मात्र सगळे अकरा.
काढून दाखवावा असं वाटलं,
तेवढ्यात कुणीतरी त्याच्या हातात नारळ दिला.

परत येताना ई-रिक्षात मागे बसलो.
आवाज नाही, गिअर नाही,
चालवणारा जेमतेम विशीतला, कानात गाणं.
मी काही बोललो नाही.
फक्त दर गतिरोधकाच्या आधी
माझा उजवा पाय दाबला जात होता
रिकाम्या पत्र्यावर.
शेजारची बाई पाय आक्रसून बसली.