दोन तिरक्या रेघा

सेगेदच्या इस्पितळात, तळघरात, रात्री पावणेदोन.
एमेशे आयातीची आज्ञा देते
आणि चार हजार तीनशे बाराव्या ओळीवर
नवा सर्व्हर हटून बसतो:
अवैध मजकूर.

ओळीत आहे मेझ्यो अंब्रुश, स्ट्रेचर ढकलणारा,
नोकरी एकतीस वर्षं.
आडनावाच्या शेवटच्या दीर्घ स्वरावर
हव्यात दोन तिरक्या रेघा, घाईत ओढल्यासारख्या.
जुन्या यंत्राने तिथे काढलीय एक लाट.
मुद्दाम कुणी ध चा मा केला नव्हता.
बाइट तोच होता, जागच्या जागी,
वाचणाऱ्याने फक्त दुसरा तक्ता उघडला.

ती तक्ता बदलते. युटीएफ-८.
मग नाव बेस-६४ मध्ये बांधते
आणि गाठोड्याआधी ठेवते दोन कोलन,
दुःखातल्या विसर्गाला जुळा व्हावा तसे.
सर्व्हरला एवढं पुरतं:
हे वाचायचं नाही, आधी सोडायचं.
गाठोड्यात अंब्रुश ओळखू येत नाही,
त्याच्या बायकोलाही नसता आला.
हरवलेला मात्र नाही.

गाठी सुटत जातात. दहा हजार नावं.
ती खसखशीच्या रोलचा उरलेला तुकडा खाते,
कीबोर्डवर काळे दाणे.

उरतात एकोणीस,
ज्यांच्यात अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आहे.
कधीतरी कुणीतरी सगळी यादी
निव्वळ इंग्रजीच्या चाळणीतून चाळली
आणि चाळणीत अडकलं ते झटकून दिलं.
या प्रश्नचिन्हामागे काही नसतं.
कुठलाच तक्ता लावून उपयोग नाही.

तेव्हा सकाळी फोन.
“माफ करा, तुमच्या नावात तिसरं अक्षर कोणतं?”
एक बाई हसते.
एक जण उखडतो, तेवीस वर्षांनी विचारताय?
एका नंबरवर मुलगी सांगते, बाबा मार्चमध्ये गेले,
आणि मग, कुणी न विचारता,
सावकाश, एकेक अक्षर सांगत जाते.

अंब्रुश स्वतःच खाली येतो, जिना उतरून.
“लाट राहू दे, पोरी.
पेन्शनच्या कागदावर लाटच आहे.
रेघा काढल्यास तर बँकेतली ती म्हणेल,
हा कोण आणखी?”

एमेशे नोंद उघडते.
नावाच्या रकान्यात एकाहून जास्त नावं चालतात,
हे तिला ठाऊक होतं, कधी लागलं नव्हतं.
वर रेघा. खाली लाट.

अंब्रुश चष्मा कपाळावर चढवतो,
पडद्याला नाक लावून दोन्ही वाचतो.
“आणि पगार,” तो विचारतो,
“यातल्या कुणाला?”