पुडकं फोडताना

उद्यमनगरात लेथच्या वर, पत्र्याच्या खोलीत
आम्ही तिघं.
खाली दिवसभर लोखंड सोलतंय, वर आम्ही अक्षरं.
चार हत्यारं आहेत आमची, फुकट, उघडी,
कुणीही खोलून बघावीत अशी.
एक जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडात आणतं,
एक शुद्धलेखन बघतं,
एक याद्या अकारविल्हे लावतं,
आणि चौथं, दस्तगीरचं लाडकं,
मोडीचं पान वाचायला बसतं
आणि दहात चार शब्द चुकतं.

वाद एवढाच, एका पुडक्यात द्यायची का सुटी?

सन्मती म्हणतो, एकत्र.
"माणसाला चार दारं हिंडवायचं काय?
शाहूपुरीत ढेप उचलतोस तेव्हा
तळाचा गूळ नको म्हणतोस व्हय?"

दस्तगीरचा चुलता चप्पल लाईनीत.
"जोड दोऱ्यानं बांधूनच विकतात, खरं आहे.
पण वर्षातनं एकदा कुबडीवाला एक माणूस येतो,
चुलता दोरा सोडतो, डावं देतो.
उजवी पायताणं साठलीत खोक्यात.
म्हणतो, येईल की कोणतरी त्यांचंबी."

मी गप्प. मला दिसत होती विहीर.
चारही हत्यारं एकाच शब्दकोशातनं पाणी ओढतात,
ऐंशी हजार शब्द, तीन वर्षं मी खणलेले.
वाटणी करा, चुली वेगळ्या मांडा,
सातबाऱ्यावर विहीर सामाईकच राहणार.
मोटर जळली की कुणी बघायचं?
गेल्या मार्गशीर्षात झालंच तसं,
मी कोशाचा क्रम जरा हलवला
आणि गडहिंग्लजच्या वाचनालयातली सगळी पुस्तकं
'ज्ञ'पाशी जाऊन बसली.

मग मुरगूडहून पत्र आलं, गौतमी कुंभारचं.
आईच्या वह्या होत्या तिच्याकडं,
दूध संस्थेच्या कॉम्प्युटरवर,
रात्री फॅटचे आकडे संपले की टाईप केलेल्या,
आता कुठल्याच मशीनला न कळणाऱ्या फॉन्टात.
तिनं आमचं आख्खं पुडकं उतरवलं,
मोबाईलच्या नेटवर, दोन रात्री.
अक्षरं आली. स्वच्छ आली.
पण आई लिहायची
"मी येतो", "मी जेवलो", "मी काय भितो काय",
आमच्याकडच्या बाया बोलतात तसं.
पुडक्यातलं दुसरं हत्यार
कुणी न विचारता उठलं
आणि पानोपान दुरुस्त करत गेलं.
येते. जेवले. भिते.

गौतमी रागावली नव्हती.
"अक्षरं मिळाली, उपकार झाले.
आई तेवढी परत मिळेल का?"

खाली लेथ थांबला होता, चहाची वेळ.
सन्मतीनं पत्र दोनदा वाचलं.
दस्तगीर खिडकीतनं बाहेर बघत राहिला.
आणि मला आठवलं,
तो नियम लिहून संपवला त्या संध्याकाळी
आईचा फोन आलेला, आणि मी म्हटलेलं,
"थांब, आलो."
मी. इंदुमती पोवारांची थोरली लेक.

रात्री पुडकं फोडलं.
चार पुड्या, चार नावं, चार आकडे.
विहीर तशीच ठेवली,
मोटरीच्या पाळ्या भिंतीवर लिहिल्या,
खडूनं, म्हणजे भांडण झालं की पुसता येतील.
मुरगूडला एकच पुडी गेली, तीन एमबीची.
चौथ्या दिवशी उत्तर,
"मिळाली. पहिल्याच पानावर म्हणते, येतो."

आज सकाळी गडहिंग्लजचा फोन.
याद्या झकास लागल्यात, पण मॅडम,
ऱ्हस्व-दीर्घ आता कोण बघणार?
पहिल्यासारखं सगळं एकदम येत नाही काय?
सन्मती माझ्याकडं बघतोय.
काही म्हणत नाही, चहात बिस्कीट बुडवतोय.

मी दोरा शोधतोय.