रिकामी दिसली म्हणून

"रिकामी दिसली म्हणून काढली," हेमराज म्हणाला
चहात खारी बुडवत.

विंडोजच्या नकाशात तिला अक्षर नव्हतं, नाव नव्हतं,
एकशेवीस जीबीचा नुसता निळा पट्टा.
शेजारी 'हेल्दी' असं लिहिलेलं, ते त्याने वाचलं नाही.
मार्च जवळ आलेला, अशिलांच्या फायली ढिगाने,
डी ड्राइव्ह लाल झालेला.
त्याने पट्टा पुसला, डी ओढून रुंद केला,
भाच्याच्या हळदीचे व्हिडिओही टाकून दिले.
सगळं मिळून सात मिनिटं.

सकाळी काळ्यावर पांढरी एकच ओळ,
'ग्रब रेस्क्यू', आणि पुढे लुकलुकणारी खूण,
कुणाची तरी वाट बघणारी.

त्या पट्ट्यात माझी अहिराणी होती.
नऊ वर्षांची. सटाणा, ताहाराबाद, मुल्हेर, जायखेडा,
ओट्यांवर, एसटीच्या थांब्यावर, कांद्याच्या चाळीत
मोबाइल पुढे धरून टिपलेले आवाज.
दोन हजार तीनशे नोंदी.
हेमराजही तिकडचाच. पण नाशकात फ्लॅट घेतल्यापासून
त्याच्या तोंडून ती फक्त ठेच लागली की निघते.

तस्नीम रात्री नऊला आली, शालिमारचं दुकान बंद करून,
इंदिरानगरपर्यंतच्या थंडीत स्कूटीवर बोटं बधिर.
आधी कपावर हात शेकले. मग म्हणाली,
"ह्याच्यावर आता काहीही लिहायचं नाही. काहीच."
मला हे आजवर कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं.
"पुसलं म्हणजे घर पाडलं असं नाही, काकू.
दारावरची पाटी काढली फक्त.
पण काकांनी आत हळदीचा मांडव घातलाय ना."

पेन ड्राइव्हवरून तिने तिसरीच सिस्टिम उठवली,
आख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत बाहेर घेतली,
आणि प्रतीलाच हात लावला, मूळ तसंच बाजूला.
आकडे सरकत राहिले.
साडेअकराला वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला,
हेमराज शाल पांघरून दारात. "किती राहिलं?"
कुणी काही बोललं नाही. तो उभाच.

"पहिलं पान गेलंय," तस्नीम म्हणाली,
"सगळ्याचा हिशेब असतो ते.
पण हे बनवणारे भित्रे असतात,
नकला ठेवतात जागोजागी."
बत्तीस हजार सातशे अडुसष्टाव्या ब्लॉकला
एक नक्कल धड निघाली.
मग ती नुसतं होय, होय, होय दाबत बसली
आणि मी तिच्यासाठी शेंगदाणे भाजले,
त्यातले अर्धे करपवले.

पहाटेपर्यंत अठराशेच्या वर नोंदी आल्या जशाच्या तशा.
गेल्या त्या गेल्या. त्यांच्या जागी आता
भाच्याच्या गालावर कुणीतरी हळद फासतंय.
आणि एकेचाळीस फायली एका वेगळ्याच फोल्डरात,
'हरवलं-सापडलं' अशा अर्थाचं त्याचं नाव,
आतल्या कुणालाच नाव नाही. नुसते आकडे.

तेव्हापासून रोज जेवणानंतर एकेक ऐकते.
सातवीत एक म्हातारी विचारते, "कोन शे?"
लांबून बाई म्हणते, "मी आठेच शे ना."
मागे शेळी. गाव काही आठवेना.
हेमराज रिटर्न भरत होता, मान वर न करता म्हणाला,
"मुल्हेर. आमच्यात 'आठे' इतकं ओढत नाहीत."
मी नाव टाकलं. तो पुन्हा आकड्यांत गेला.

बारावीला मात्र चुकला. जायखेडा म्हणाला ठासून,
नंतर कंडक्टरची हाक आली, ताहाराबाद निघालं.
"पुन्हा लाव," म्हणाला. दोनदा लावली.

अठरावीत नुसताच पंखा फिरतोय.
तीन मिनिटं, चाळीस सेकंद.
तीही ठेवली.