कोंडाईबारी, तिसरा गिअर

दहिवेलच्या पुढे, बारी सुरू व्हायच्या आत,
टपरीमागे गाडी उभी केली तेव्हा रात्रीचे दोन.
धरणगावच्या जिनिंगमधल्या नव्वद गाठी,
पंधरा टन रुई. उशीत भरतात तीच,
पण उतारावर कुणी तिला
मऊ म्हणून दाखवावं.

उखाजी उतरला, बॉनेटवर हात ठेवून म्हणाला,
"धूरना ब्रेक धरत नही."
मला क्लीनर होऊन अकरा दिवस झालेले.
पायाचा ब्रेक ठाऊक, हाताचा ठाऊक.
धुराला कोण, कुठून, कसा धरणार?

रशीद मिस्तरी लुनावरून आला,
कानाला मफलर, ओठात न पेटवलेली बिडी.
गाडीखाली सरपटला, पाइप सोडला,
आणि बॅटरीच्या उजेडात मला बोलावून दाखवली
पाइपाच्या गळ्यात आडवी फिरणारी
एक पोलादी पाकळी,
चहाच्या बशीएवढी, काजळीनं खिळलेली.

"एवढीच?"
"एवढीच. नाक धर. तोंड मीट. आता फुंक."
मी फुंकलं. गाल टम्म, कानाला दडे.
"अजून फुंक."
जमेना.
"हेच. पाकळी आडवी झाली, डिझेल तुटलं,
आत नुसती हवा, बाहेर वाट नाही.
पिस्टन वर ढकलतो, हवा त्याला ढकलते.
चाकं इंजिनाला ओढतात
अन् इंजिन टाच रोवून बसतं.
मात्र क्लच दाबशील, तर चाक कुणाचंच नाही."
रॉकेलचा बोळा, हातोडीचे तीन ठोके.
साठ रुपये. बिडी माझ्या काडीनं पेटवली.

मग उतार.
उखाजीनं वरच तिसरा टाकला,
डाव्या टाचेखालचं बटण दाबलं,
आणि गाडी घोरायला लागली,
जाड, ओल्या आवाजात,
झोपेतल्या म्हशीसारखी.
वळणावर वळण. ब्रेकवर पाय नुसता टेकलेला,
वहाणेत असावा तसा.

तिसऱ्या वळणाला मागून टँकर आला
बिनआवाजाचा. फक्त वारा होता त्याला.
आम्हाला घासून गेला, दिवे खाली खाली बुडत गेले,
जळक्या लायनरचा वास मात्र
दोन वळणं आमच्या केबिनमध्ये बसून राहिला.
"न्यूट्रल," उखाजी म्हणाला.
पुलाजवळ पुन्हा, कुणालाच उद्देशून नाही,
"डिझेल वाचस, मानूस वाचत नही."

विसरवाडीच्या अलीकडे टँकर उभा.
उभा होता, हेच पुष्कळ.
चाकातून धूर, ड्रायव्हर कॅन घेऊन वाकलेला.
उखाजीनं उतरून त्याचा हात धरला,
"पानी नको टाकू, ड्रम तडकी जाई."
मग दोघं रस्त्याकडेला बसले.
बराच वेळ.
मी आमच्या ड्रमला हात लावून पाहिला.
भाकरी उतरल्यावर थोड्या वेळानं
तवा असतो, तेवढाच.

आता गाडी माझी आहे, हप्त्यांसकट.
बटण गेलं, स्टिअरिंगखाली दांडी आली,
पाकळी कधी मिटते, कधी उघडते
ते कुठलासा डबा ठरवतो.
रशीदची लुना कुणी भंगारात घातली, विचारलं नाही.
परवा बारी उतरताना
झिपरू, माझा क्लीनर, एकटक बघत होता.
शेवटच्या वळणाला धीर करून म्हणाला,
"अण्णा, दाढ दुखस का?"
मी गाल सोडले.