ओलेचं आडनाव

दुपारच्या भाजी-पावानंतर
दुसरीचा वर्ग अर्धा झोपेत असतो.
बाकांवर पावाचा चुरा, फळ्याखाली मुंग्यांची रांग,
आणि कोरगावच्या टळटळीत उन्हात
मी नॉर्वे उघडते.

"तिथं एक मुलगा राहतो, ओले.
त्याच्या गावात थंडीचे दोन महिने
सूर्य उगवतच नाही."

झोप उडते.
दोन महिने?
मग कोंबड्याला कसं कळतं?
मग पोदेर पाव घेऊन कधी येतो?
मग त्याची आई सोलं कुठं वाळत घालते?

एकाचंही उत्तर मला येत नाही.
मी गोष्ट जराशी पुढं ढकलते.
ओलेला लोकरीचे मोजे घालते, एक कुत्रा देते,
त्याच्या दाराशी बर्फ रचते, पांढराशुभ्र,
कापसासारखा म्हणणार,
तेवढ्यात जोव्हितो उभा राहतो.

"टीचर, बर्फ काळो असता.
धक्क्यावरचो. पप्पान फोनार दाखयलो."

जोव्हितोचे पप्पा तारवटी.
जहाजाच्या पोटात बटाटे सोलतात, गोणीमागून गोणी.
त्यांनी नॉर्वे पाहिला आहे,
ताटाएवढ्या गोल खिडकीतून,
विडी ओढायच्या सुटीत.
आणि मी?
मी सावंतवाडीच्या पुढं एकदाच गेले,
कोल्हापूरला, मावसबहिणीच्या लग्नात,
आणि दोन्ही दिवस पोट बिघडलेलं.

"बस खाली" म्हणायचं अगदी जिभेवर होतं.
म्हटलं, "मग तूच सांग."

तो सांगू लागला. तिथं रस्त्यावर मीठ टाकतात.
मिठानं बर्फ सुटतो, मग माणसं कामाला जातात.
"मीठ? आगरवाड्याचं?"
"असेल," जोव्हितो म्हणाला, बापाच्या थाटात.
पुढची पाच मिनिटं
ओलेच्या गावात आमच्या मिठागराचं मीठ पडत होतं
आणि मी ते पडू दिलं.

मग कुणीतरी मागं वळून निंगव्वाला विचारलं,
"तुमच्याकडे उगवतो का गं सूर्य?"

निंगव्वा गदगकडची.
वडील हमरस्त्यावर डांबर टाकतात.
चतुर्थीनंतर वर्गात आली, तेव्हापासून
हजेरीला नुसता हात वर.
तिच्या गावाची गोष्ट
मी कधी उघडलीच नव्हती.
नकाशात ते फार जवळ होतं म्हणून असेल.

ती हसली. पुढचा एक दात पडलेला.
"उगवतो की," म्हणाली,
"पण बुडतो जोंधळ्यात.
इथं पाण्यात बुडतो ना,
पहिल्या दिवशी मी रडले.
आईला म्हटलं, विझला आता, उद्या येत नाही."

कुणी हसलं नाही.
ऋग्वेश, जो पंख्यालाही हसतो,
तोही नाही.
समुद्राकाठी जन्मलेली तेवीस पोरं
खिडकीतून उन्हाकडं बघत बसली,
पहिल्यांदाच बघावं तशी.

घंटा झाली. ओलेचा सूर्य उगवायचा राहूनच गेला.

दुसऱ्या दिवशी हजेरी संपायच्या आत
जोव्हितो टेबलापाशी येऊन उभा.
पप्पांचा फोन आला होता.
जहाज त्याच बाजूला लागलंय.
धक्क्यावर दोघा-तिघांना विचारलं त्यांनी,
पण नुसत्या ओलेवरून पत्ता लागत नाही,
ओले तिथं घरटी एक.

"पप्पा विचारतात, टीचर,
तो कोणाचा?
आडनाव काय?
आणि वाडा कुठला?"

तेवीस डोकी वर झाली. नव्हे, चोवीस.
मी खडू हातात घेऊन फळ्याकडं वळले,
कारण चेहरा लपवायला
शाळेत दुसरी जागा नसते.